पैशांची शाब्दिक उदाहरणे मुलांना कशी शिकवावीत

तिसरी-चौथीतल्या मुलाला १०० मधून ७३ वजा करायला सांगितले, तर बहुधा ते थोड्या वेळात २७ हे उत्तर काढते. तोच व्यवहार ‘सईने ७३ रुपयांचा किराणा घेतला आणि दुकानदाराला १०० रुपयांची नोट दिली, तर तिला किती रुपये परत मिळतील?’ अशा शब्दांत समोर आला, की तेच मूल ‘बेरीज करायची की वजाबाकी?’ असे विचारते. त्याला क्रिया येत असते, पण ती कुठे लावायची हे उमगत नाही, कारण उदाहरणातला प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोर उभाच राहिलेला नसतो. म्हणून शाब्दिक उदाहरणांची तयारी करून घेताना आकडेमोडीच्या सरावापेक्षा वाचनाला आणि प्रसंग समजून घेण्याला अधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सूचना प्रामुख्याने दुसरी ते सहावीच्या मुलांच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहेत.

‘मुलांना दुकानात पाठवा, म्हणजे हिशेब आपोआप येईल’ असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांपैकी सुमारे ९८ टक्के हिशेब या मुलांनी बरोबर केले, त्याच प्रकारच्या शाब्दिक उदाहरणांत हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आले आणि कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत ते ३७ टक्क्यांपर्यंत घसरले. ३५ क्रुझेरोंना (ब्राझीलचे तेव्हाचे चलन) एक नारळ, तर १० नारळांचे किती, हे सांगताना एका मुलाने तीन-तीन नारळांचे १०५ धरून मिळवत जाऊन उत्तर काढले होते. दहाने गुणताना शून्य जोडायचे, ही शाळेतली रीत त्याने वापरलीच नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथे केलेला अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातही हेच चित्र दिसले. बाजारात काम करणारी मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती, पण पुस्तकी गणितात अडखळत होती, तर केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जमत नव्हते. दुकानातला हिशेब आणि वहीतले गणित यांची सांगड आपोआप बसत नाही. ती मोठ्यांनी जाणीवपूर्वक घालून द्यावी लागते.

आधी पैसे हातात द्यावेत

आजच्या अनेक मुलांनी आईवडिलांना दुकानात केवळ मोबाइल पुढे धरताना पाहिलेले असते. पैसे देणे, सुटे मागणे, उरलेले मोजून घेणे हा सगळा व्यवहार त्यांच्या नजरेआड होतो. उदाहरणात ‘परत मिळतील’ असे शब्द आले, की त्यांना काही आठवतच नाही. म्हणून निदान शिकवण्याच्या काळात आठवड्यातून एखादी छोटी खरेदी रोखीने आणि मुलाच्या हातून व्हावी. घरी १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी आणि १० ते ५०० रुपयांच्या नोटा यांचा एक डबा ठेवावा. पुठ्ठ्याच्या नोटाही चालतील, पण नाणी खरी असावीत. ८५ रुपये किती वेगवेगळ्या प्रकारे देता येतात, सर्वांत कमी नोटा-नाणी वापरून कसे देता येतात, ५०० रुपयांची मोड कोणकोणत्या प्रकारे देता येईल, असे प्रश्न विचारावेत. हा खेळ पुरेसा झाल्याशिवाय पुस्तकातील शाब्दिक उदाहरणांकडे वळण्याची घाई करू नये.

परत मिळणारी रक्कम काढण्याची दुकानदाराची पद्धत मुलांना अवश्य दाखवावी. ७३ रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये मिळाल्यावर जुना वाणी वजाबाकी करत बसत नाही. तो २ रुपयांचे नाणे ठेवून ‘पंच्याहत्तर’ म्हणतो, ५ रुपयांचे ठेवून ‘ऐंशी’ म्हणतो आणि २० रुपयांची नोट ठेवून ‘शंभर’ म्हणतो. समोर पडलेले २७ रुपये हेच वजाबाकीचे उत्तर असते, पण ते बेरजेच्या वाटेने आलेले असते. मुलाने एका बाजूला ही रीत आणि दुसऱ्या बाजूला उसने घेऊन केलेली उभी वजाबाकी लिहावी आणि दोन्हींची उत्तरे जुळतात हे स्वतः पाहावे. दुकानातला हिशेब वहीत उतरतो तो इथे.

याच खरेदीत वाणी कधी कधी ‘तीन रुपये सुटे आहेत का?’ असे विचारतो. १०३ रुपये दिले की ३० रुपये परत येतात. दुकानदाराने असे का विचारले, हा प्रश्न मुलाला विचारून त्याला भरपूर वेळ द्यावा. अनेक मुलांना सुरुवातीला वाटते, की आपण तीन रुपये जास्त दिले आणि आपले नुकसान झाले. डब्यातले पैसे घेऊन दोन्ही व्यवहार प्रत्यक्ष करून पाहिल्यावर दोन्ही वेळा आपल्याकडून ७३ रुपयेच गेले, हे त्यांच्या ध्यानात येते. नंतर १२३ रुपये दिले तर काय होईल, हे त्यांनीच सांगावे.

उदाहरण वाचायला शिकवणे

पहिल्या वाचनात आकडे झाकून ठेवावेत. पुस्तकातील आकड्यांवर कागदाचे छोटे तुकडे ठेवले, तरी पुरेसे आहे. ‘सईने काही रुपयांचा किराणा घेतला आणि त्याहून मोठी नोट दिली’ एवढाच प्रसंग उरला, की मुलाला आकड्यांवर झडप घालता येत नाही. मग विचारावे, की पैसे कोणाकडून कोणाकडे गेले, सईजवळचे पैसे या व्यवहारानंतर वाढले की घटले, आणि आपल्याला नेमके काय विचारले आहे. मुलाने हा प्रसंग स्वतःच्या शब्दांत आणि घरी बोलतो त्या भाषेत सांगावा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलानेही उदाहरण इंग्रजीत वाचून ते आधी मराठीत सांगावे. जे त्याला मराठीत सांगता येत नाही, ते त्याला बहुधा समजलेलेच नसते.

यानंतर, कोणतीही क्रिया करण्यापूर्वी, उत्तराचे वाक्य जागा सोडून लिहून घ्यावे: ‘सईला ____ रुपये परत मिळतील.’ ही सवय लहान वाटते, पण फार उपयोगी आहे. दोन पायऱ्यांच्या उदाहरणात पहिली पायरी झाली, की मुले तेच उत्तर समजून थांबतात. रिकाम्या जागेचे वाक्य समोर असले, की विचारलेले अजून निघाले नाही हे त्यांना दिसते. त्याच ओळीशेजारी अंदाजही लिहावा. १०० पैकी सत्तरच्या वर खर्च झाले, म्हणजे परत येणारी रक्कम तिसाच्या आत असणार, हे आधी लिहिलेले असेल, तर पुढे १७३ असे उत्तर आल्यावर मूल स्वतःच थबकते.

काही ठिकाणी ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसले की भागाकार, असे कोष्टक पाठ करून घेतले जाते. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे, कारण ती सोप्या उदाहरणांत यश देते आणि नेमक्या विचार करायला लावणाऱ्या उदाहरणांत फसवते. ‘३५ रुपये खर्च केल्यावर रोहनजवळ ६५ रुपये उरले, तर सुरुवातीला त्याच्याजवळ किती रुपये होते?’ यात ‘उरले’ आहे, पण बेरीज करावी लागते. ‘पाच पेनांचे एकूण ६० रुपये झाले, तर एका पेनाची किंमत किती?’ यात ‘एकूण’ आहे, पण भागाकार करावा लागतो. शब्द पाहून क्रिया ठरवण्याऐवजी काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे पाहायला शिकवावे.

तुलनेची उदाहरणे मुलांना सर्वांत जड जातात, म्हणून त्यांच्यासाठी विशेष वेळ राखून ठेवावा. ‘मीनाजवळ ४५ रुपये आहेत. ते समीरजवळच्या रुपयांपेक्षा १२ ने कमी आहेत. समीरजवळ किती रुपये आहेत?’ हे वाचून बहुतेक मुले ३३ लिहितात. अशा वेळी चूक दाखवण्याऐवजी प्रश्नांनी पुढे न्यावे. ‘कमी कोणाजवळ आहेत?’ ‘मीनाजवळ.’ ‘मग जास्त?’ ‘समीरजवळ.’ ‘मीनाजवळ पंचेचाळीस आहेत, तर समीरचे उत्तर पंचेचाळीसच्या वर यायला हवे की खाली?’ इथपर्यंत आले, की ३३ हे उत्तर मूल स्वतःच खोडते. याच्या जोडीला वहीत दोन आडव्या पट्ट्या काढाव्यात, एक मीनाची आणि तिच्याखाली थोडी लांब समीरची. वाढीव तुकड्यावर १२ लिहिले, की प्रश्न डोळ्यांना दिसतो. पट्टी काढून उदाहरण मांडण्याची ही पद्धत सिंगापूरच्या शाळांमुळे जगभर पोहोचली आहे, आणि तिच्यासाठी पेन्सिल व पट्टीशिवाय काहीही लागत नाही.

मराठीत एखादा प्रत्यय बदलला, तरी हिशेब बदलतो. ‘टोमॅटो ४० रुपयांना मिळतात’, ‘टोमॅटो ४० रुपयांनी महागले’ आणि ‘टोमॅटो ४० रुपयांपर्यंत महागले’ या तीन वाक्यांत आकडा तोच आहे. आधीचा भाव २५ रुपये असेल, तर दुसऱ्या वाक्यात नवा भाव ६५ होतो, तर तिसऱ्यात वाढ केवळ १५ रुपयांची ठरते. अशी वाक्ये शेजारी शेजारी लिहून त्यांवर बोलावे. गणिताच्या तासाला केलेला व्याकरणाचा हा अभ्यास अजिबात वाया जात नाही.

मूल विचार करून वाचते की नुसते आकडे उचलते, हे तपासण्याचा एक जुना मार्ग आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे साधारण १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना विचारले गेले, की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुसंख्य मुलांनी आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून वय सांगितले. अधूनमधून असे एखादे अपुऱ्या माहितीचे उदाहरण घालावे, आणि एखाद्यात गरज नसलेला आकडाही घालावा. ‘९ वर्षांच्या कबीरने १२ रुपयांच्या ४ वह्या घेतल्या’ यात ९ चे काय करायचे, हे त्याने ठरवावे. ‘हे उदाहरण सोडवता येत नाही’ हेही पूर्ण गुणांचे उत्तर असू शकते, असा विश्वास मुलांना द्यावा.

घरातली आणि बाजारातली उदाहरणे

भाजीबाजारात भाव अनेकदा किलोचा नसून पावाचा सांगितला जातो. ‘भेंडी वीस रुपये पाव’ हे ऐकून किलोचे ८० आणि पाऊण किलोचे ६० हे मुलाने सांगावे. ३० रुपये किलोचे कांदे अडीच किलो घेतले, तर ६० आणि १५ मिळून ७५ होतात, हे तोंडी व्हावे. पूर्वी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे पाठ करून घेत असत. ती घोकंपट्टी परत आणावी असे मी म्हणणार नाही, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या मापांवर मुलाची पकड मात्र हवीच, कारण अपूर्णांकांची त्याची पहिली ओळख इथेच होते. संख्यांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत अनेक मुलांचा गोंधळ होतो. विक्रेत्याने सांगितलेली रक्कम ऐकून लगेच आकड्यांत लिहिण्याचा सराव दिला, तर तो लवकर कमी होतो.

दुधाचा रतीब हे तर तयार उदाहरणच आहे. ज्या घरात रोजचे दूध येते, तिथे खाडे कॅलेंडरवर लिहिलेले असतात. महिना ३० दिवसांचा, रोज दीड लिटर दूध, दर ६० रुपये लिटर, चार दिवस खाडा आणि पाहुणे आल्यामुळे दोन दिवस अर्धा लिटर जास्त, असा हिशेब मुलाने करावा. दूध आलेले दिवस २६, त्यांचे दूध ३९ लिटर, वरचे १ लिटर धरून ४० लिटर आणि बिल २४०० रुपये. इथे पुस्तकातल्यासारखी सगळी माहिती एका परिच्छेदात मिळत नाही. ती कॅलेंडरच्या चौकटींतून मोजून काढावी लागते, आणि म्हणूनच हे उदाहरण पुस्तकातल्या दहा उदाहरणांहून अधिक शिकवते. मुलाने काढलेली रक्कम दूधवाल्याने सांगितलेल्या रकमेशी ताडून पाहावी आणि फरक आला, तर कोणता खाडा कोणाकडून सुटला हे त्यानेच शोधावे.

एसटीच्या प्रवासाचेही तसेच आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ वर्षांच्या मुलांना एसटीत अर्धे तिकीट लागते, महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत आहे, ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. पूर्ण तिकीट १२० रुपये आणि सवलतीचे बरोबर निम्मे धरले, तर बाबा, आई, नऊ वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांचे आजोबा यांचे तिकीट किती? १२०, ६० आणि ६० मिळून २४०. आजोबांचे वय ७० असते तर? सोबत चार वर्षांचा धाकटा भाऊ असता तर? इथे वय हा आकडा हिशेबात लागतो, पण तो मिळवायचा किंवा वजा करायचा नसतो. त्यावरून कोणता दर लावायचा, एवढेच ठरते.

भागाकाराच्या उदाहरणांत उरलेल्या बाकीचे काय करायचे, हे प्रसंगावरून ठरवायला शिकवावे. ३५ रुपयांना एक वही, तर २०० रुपयांत ५ वह्या येतात आणि २५ रुपये उरतात. इथे बाकी सोडून द्यावी लागते. मात्र २२ मुलांना रिक्षाने न्यायचे असेल आणि एका रिक्षात तिघेच बसत असतील, तर भागाकार ७ आणि बाकी १ आली तरी रिक्षा ८ लागतात, आणि प्रत्येक रिक्षाचे भाडे ४० रुपये असेल तर खर्च ३२० रुपये होतो. ही दोन उदाहरणे एकाच दिवशी द्यावीत.

पैशांच्या दशांश लेखनाबद्दल थोडक्यात सांगतो. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालची नाणी बाद झाली आणि ५० पैशांचे नाणेही क्वचितच दिसते, त्यामुळे पैसे हे मुलांना केवळ पुस्तकात भेटतात. ७ रुपये ५ पैसे हे ७.५ असे लिहिण्याची चूक त्यातूनच होते. रुपयाचे १०० पैसे, म्हणून दशांश चिन्हानंतर नेहमी दोन घरे, असे सांगून ७.०५ आणि ७.५० एकाखाली एक लिहून घ्यावेत. विजेचे बिल आणि पेट्रोलची पावती यांवर दशांशातल्या रकमा असतात, त्या वाचून घ्याव्यात.

तपासणे आणि स्वतः उदाहरण रचणे

उत्तर आल्यावर ताळा करण्याची सवय लावावी, आणि ताळा प्रसंगातच करावा. ७३ रुपयांचा किराणा आणि परत आलेले २७ रुपये मिळून १०० होतात का, हे पाहिले की पुरे. उत्तर चुकले, तर चूक कुठल्या टप्प्यावर झाली हे शोधावे. प्रसंग समजला नाही, क्रिया चुकली आणि हातचा विसरला या तीन वेगवेगळ्या चुका आहेत. हातचा विसरणाऱ्या मुलाला आणखी वाचन देऊन उपयोग नाही, आणि प्रसंग न समजलेल्याला बेरजांची पाने भरायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

समज खरोखर पक्की झाली की नाही, हे मूल स्वतः उदाहरण रचते तेव्हा कळते. त्याला ‘१५० – ९०’ एवढेच देऊन त्यावर दोन निरनिराळे प्रसंग लिहायला सांगावे, एकात खर्च असावा आणि दुसऱ्यात तुलना असावी. मुलांनी रचलेली उदाहरणे एकमेकांना सोडवायला दिली, की अपुरी माहिती आणि संदिग्ध वाक्ये त्यांची त्यांनाच सापडतात.

अनेक प्राथमिक शाळांत भरणारा आनंद मेळावा यासाठी फार चांगली संधी आहे. मात्र विक्री झाली आणि गल्ला मोजला एवढ्यावर तो संपवू नये. समजा, एका गटाने भेळ विकली. चुरमुरे १२०, फरसाण १८०, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर ७०, चिंच-गूळ ५० आणि कागदी द्रोण ३०, असा ४५० रुपये खर्च झाला. भेळ ४० द्रोणांना पुरेल एवढी होती, एका द्रोणाची किंमत १५ रुपये ठेवली आणि ३६ द्रोण विकले गेले. विक्री ५४० आणि नफा ९०, हे उत्तर मुले लवकर काढतात. त्यापुढचे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. खर्च भरून निघायला किती द्रोण विकावे लागले? ३०, म्हणजे नफा ३१ व्या द्रोणापासून सुरू झाला. उरलेले चार द्रोण शेवटी दहा-दहा रुपयांना विकले असते, तर नफा किती झाला असता? किंमत १२ रुपये ठेवून सगळे ४० द्रोण गेले असते तर? तेव्हा नफा केवळ ३० रुपये राहिला असता, हे कळल्यावर मुले आपसात वाद घालू लागतात. आणि भेळेवर पिळलेली लिंबे कोणाच्या तरी परसातल्या झाडाची होती, तर त्यांची किंमत खर्चात धरायची की नाही, यावर गटाला मोकळेपणाने बोलू द्यावे. मग लिंबांचा त्या दिवसाचा बाजारभाव विचारून यायला सांगावे आणि नफा दोन्ही प्रकारे काढून वहीत लिहायला लावावा.